वजीर खिशात घालणारे सर: डोंबिवलीतल्या चार रविवारच्या बुद्धिबळ वर्गाचा रिव्ह्यू

नाव-पत्ता टाकत नाहीये, सरांनीच सांगितलंय नका टाकू म्हणून, बॅच बारा जणांचीच असते आणि फोन त्यांना आत्ताच आवरत नाहीत. डोंबिवली पूर्व, खाली दूध डेअरी, वर एक लांबट खोली, चार रविवार, सकाळी साडेनऊ ते बारा, फी १,६०० रुपये आणि विषय एकच, वजीर देऊन मात. ओपनिंग नाही, एंडगेम नाही, 'मुलांची एकाग्रता वाढते' छाप भाषण नाही. वजीर कधी द्यायचा, कसा द्यायचा आणि मुख्य म्हणजे कधी द्यायचा नाही, बस.

मी गेलो भाचीमुळे. अकरा वर्षांची आहे, दोन वर्षं दुसरीकडे बुद्धिबळाला जाते, शाळेच्या स्पर्धांमधून मेडलं वगैरे आणते, पण वजीर म्हणजे तिचा लॉकरमधला दागिना. समोरच्याने नुसतं प्यादं त्याच्या अंगावर घातलं की ही तीन खेळ्या खर्चून त्याला घरी आणून ठेवणार, आणि चुकून गेलाच तर डोळ्यात टचकन पाणी. ताई म्हणाली तूच ने तिला, तुलाही येतं थोडंफार. थोडंफार म्हणजे आजोबांनी मिरजेला शिकवलेलं. सांगली-मिरजेकडे बुद्धिबळाचं वेड जुनंच, नूतन बुद्धिबळ मंडळ सांगलीचंच, पण आमचे आजोबा मंडळातले नव्हेत, ओट्यावरचे. देशी नियम, प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर, आणि शिकवण एका ओळीची: वजीर गेला, पट उचल. त्यामुळे मामा-भाचीचा रोग एकच, मला फक्त रडू येत नाही.

एक गंमत आधीच सांगतो. वर्गातली सगळी पोरं 'क्वीन' म्हणतात आणि सर वजीर म्हणतात, त्यामुळे पहिला अर्धा तास व्याकरणाचीच मारामारी, कोणी म्हणतंय क्वीन गेली, कोणी म्हणतंय वजीर गेला, एका मुलाने तर 'वजीर गेली' असंही केलं. मला आपलं वजीरच बरं वाटतं. राजाने स्वतःचा जीव वाचवायला राणीला पुढे केलं तर कसंतरी होतं ना ऐकायला, वजिराचा बळी द्यायचा म्हटलं की दरबाराचं रोजचंच कामकाज वाटतं.

पहिला रविवार

सर साठीच्या आसपास, रिटायर्ड, पांढरा हाफ शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं. भिंतीवर मोठा डेमो पट, हिरवा-पांढरा, लोहचुंबकवाला. 'नमस्कार, माझं नाव' वगैरे काही नाही, आल्या आल्या मोहरी लावली आणि म्हणाले ही खेळी खेळून दाखवतो, ओरडायचं नाही. (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८, म्हणजे ई४ हे एका घराचं नाव.) पांढऱ्याचं ई४, काळ्याचं ई५, घोडा एफ३, डी६, उंट सी४, काळ्याचा उंट जी४ वर येऊन पांढऱ्याच्या घोड्याला वजिराच्या तोंडासमोर खिळवून टाकतो, घोडा सी३, जी६. इथपर्यंत सगळं रोजचं. आणि मग सरांनी तो खिळलेला एफ३ चा घोडाच उचलला आणि ई५ चं प्यादं खाल्लं.

भाची जवळजवळ उभी राहिली. 'सर, क्वीन जाते!' जाऊदे की, म्हणाले, आणि काळ्या उंटाने डी१ वरचा वजीर मारला, आणि मग त्यांनी ती गोष्ट केली जी चारही रविवार करत राहिले, तो पांढरा वजीर पटावरून काढून शर्टाच्या खिशात घातला. म्हणाले, 'गेला. आता त्याच्याकडे बघायचं नाही. राजाकडे बघा.'

उंट एफ७, शह. राजाला एकच घर, ई७. घोडा डी५. मात.

हा डाव लेगालचा, साधारण १७५० च्या सुमाराचा, पॅरिसच्या त्या प्रसिद्ध कॅफे द ला रेजाँसमधला मानतात, आणि लेगाल म्हणजे फिलिडोरचा, अठराव्या शतकातल्या गाजलेल्या बुद्धिबळपटूचा, गुरू. मला हा डाव माहीत होता हो, यूट्यूबवर शंभर वेळा बघितलाय. पण बघणं आणि सरांनी पुढची वीस मिनिटं जे केलं त्यात फार फरक आहे. एकेका पोराला पुढे बोलावलं आणि विचारलं, ई७ वरच्या राजाला आठ घरं, एकेक घर दाखव आणि तिथे का जाता येत नाही ते सांग. डी८ वर त्याचाच वजीर. एफ८ वर त्याचाच उंट. डी६ वर त्याचंच प्यादं. म्हणजे आठातली तीन घरं त्याच्या स्वतःच्याच माणसांनी अडवलेली! राहिली पाच. ई८ आणि ई६ एफ७ च्या उंटाने धरलीत, डी७ ई५ च्या घोड्याने, एफ६ डी५ च्या घोड्याने, आणि एफ७ वरच्या उंटाला खावं म्हटलं तर त्याच्या मागे ई५ चा घोडा उभा. झाली आठ. पांढऱ्याच्या तीन छोट्या मोहऱ्यांना फक्त पाच घरांची नाकाबंदी करायची होती, तेवढीच त्यांनी केली. वजिराला तिथे कामच नव्हतं.

हे ऐकून मी पन्नाशीला टेकलेला माणूस अक्षरशः वहीत लिहून घ्यायला लागलो. मी आजवर वजिराचा बळी म्हणजे शौर्याचा प्रकार समजत होतो, छाती पुढे काढून, 'घे खा' टाइप. सरांचं म्हणणं एकदम किराणा दुकानदाराचं, हिशोब करा, घरं मोजा, पुरत असतील तर द्या, नाहीतर गप्प बसा.

आणि लगेच उलटी बाजूही दाखवली, जी यूट्यूबवाले बहुतेक दाखवतच नाहीत. तोच डाव, फक्त काळ्याने जी६ च्या ऐवजी घोडा सी६ ला आणलेला. आता खा ई५. काळा वजिराकडे ढुंकूनही बघत नाही, तो सी६ च्या घोड्याने तुमचा घोडाच खातो, आणि तो घोडा ई५ वर बसून जी४ च्या उंटालाही सांभाळतोय. वजिराने उंट खाल्ला तर घोडा वजीर खाणार. पूर्ण एक मोहरं खलास. एका घोड्याच्या जागेचा फरक, तेवढ्यावर सगळी जादू हवेत.

दुसरा रविवार, सगळ्यात भारी

राजाला कोंडून मारायचा दिवस. इंग्रजीत स्मदर्ड मेट, घोड्याने दिलेली मात, राजा कोपऱ्यात आणि सगळ्या बाजूंनी त्याचेच लोक. ही रचना ल्युसेनाच्या १४९७ च्या स्पॅनिश पुस्तकात आहे, म्हणजे पाचशे वर्षांहून जुनी, तरी नाव मात्र फिलिडोरच्या वारशाचं लागलं, आता काय बोलणार.

काळा राजा एच८ ला, जी७-एच७ वर प्यादी, हत्ती एफ८ वर. पांढऱ्याचा घोडा एच६ वर, वजीर लांब सी४ च्या तिरप्या ओळीत. आणि वजीर थेट जी८ वर, राजाच्या मांडीला मांडी लावून, शह. राजा खाऊ शकत नाही कारण जी८ वर एच६ च्या घोड्याची नजर. हत्तीने खायलाच हवा. हत्ती जी८ वर आला, वजीर सरांच्या खिशात गेला, घोडा एफ७, मात. वर्गात टाळ्या पडल्या, मी पण वाजवल्या, लपवत नाही.

मग सरांचा प्रश्न, 'वजीर कशासाठी दिला?' एक मुलगा म्हणाला राजाची जागा अडवायला. बरोबर, पण अर्धं. बराच वेळ कोणीच बोललं नाही, पंख्याचा कर्र कर्र आवाज, आणि मग आमची भाची, जी वजीर गेला की रडते ती, म्हणाली, 'सर, हत्ती एफ८ वर असताना एफ७ वरचा घोडा तो खाईल ना, म्हणून त्याला तिथून हलवायचाय.' सर काही बोलले नाहीत, काळा हत्ती काढून परत एफ८ वर ठेवला, एफ६ वर एक काळा घोडा आणून लावला आणि तिला म्हणाले, 'बाळा, आता दे वजीर.'

ती बघत राहिली. आता जी८ वरचा वजीर हत्तीने नाही, घोड्याने खाता येतो. घोड्याने खाल्ला की हत्ती जागेवरच, एफ७ वर गेलात की हत्ती तुमचा घोडा गिळणार, आणि तुम्ही वजीर गमावून घरी.

हा घोडा मला आधी भेटलेला आहे. सहा महिन्यांपूर्वी सकाळच्या ८:०८ च्या फास्ट लोकलमध्ये, मुंब्र्याच्या आसपास, एका हाताने कडी, एका हाताने मोबाईल, समोरचा राजा कोपऱ्यात दिसला आणि माझे हात शिवशिवले, वजीर टाकला जी८ वर, आणि त्याने घोड्याने शांतपणे खाल्ला. मी पुढे बराच वेळ स्क्रीनकडे बघत होतो की आता मात कुठे गेली. आज कळलं कुठे गेली. सोळाशेतले आठशे तिथेच वसूल.

त्याच दिवशी ऑपेरावाला (ऑपेराच्या थिएटरात खेळला गेलेला) डाव झाला, पॉल मॉर्फी, पॅरिस, १८५८, समोर ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इसुआर दोघं मिळून. शेवटी वजीर बी८ वर जाऊन शह देतो, डी७ च्या घोड्याला तो खावाच लागतो, घोडा सरकला की डी ची पट्टी मोकळी आणि हत्ती डी८, मात. सतराव्या खेळीला पांढऱ्याकडे प्यादी सोडली तर एक हत्ती, एक उंट, राजा, एवढंच, आणि काळ्याकडे वजीर, एक हत्ती, उंट, घोडा, सगळी बारात उभी, आणि राजा मेलेला. परत तोच प्रश्न, कोणाला हलवायचं होतं? घोड्याला. वजीर ही घोड्याला दिलेली लाच आहे, असं सरांचं वाक्य, मला आवडलं.

मधल्या सुट्टीत खालून वडापाव येतो, तो फीमध्ये धरलेला नाही, वीस रुपये वेगळे. चटणी चांगली आहे.

तिसरा रविवार, इथे मार्क कापले

हा दिवस पडला. सरांनी लॅपटॉप-प्रोजेक्टर आणला होता, वायर लूज होती, पाऊण तास त्यातच गेला, आणि उरलेल्या वेळात पटापट आठ-नऊ प्रसिद्ध डाव दाखवले, एकाचंही घर मोजलं नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही तिथे जात होतो तीच गायब. अँडरसन-किझेरित्स्की, लंडन १८५१, दोन्ही हत्ती, एक उंट आणि वर वजीर देऊन उंटाने मात. एडवर्ड लास्कर विरुद्ध सर जॉर्ज थॉमस, लंडन १९१२, अकराव्या खेळीला वजीर एच७ वर, आणि मग काळ्या राजाला जी८ पासून हाकलत हाकलत पांढऱ्याच्या घरात, पार जी१ पर्यंत आणून शेवटी आपला राजा नुसता एक घर बाजूला करून मात. या एका डावावर दोन तास काढता आले असते! पोरांना तर तो राजाची वरात टाइप डाव बघून प्रचंड मजा येत होती, पण स्लाइड बदलली.

आणि किस्से. मार्शलचा तो ब्रेस्लाऊचा डाव, १९१२, लेवित्स्कीविरुद्ध, जिथे काळा वजीर जी३ वर नेऊन ठेवतो, तीन प्रकारे खाता येतो आणि तिन्ही प्रकारे पांढरा हरतो. सर म्हणाले प्रेक्षकांनी पटावर सोन्याची नाणी फेकली. आता हा किस्सा भारी आहे पण कोणी म्हणतं नाणी फेकली, कोणी म्हणतं पैज हरलेल्यांनी पैसे चुकते केले, इतकं ठणकावून सांगण्यासारखं नाहीये ते. तसंच अ‍ॅडम्स-टोरेचा १९२० चा न्यू ऑर्लिन्सचा डाव, ज्यात पांढरा वजीर परत परत समोर नेऊन ठेवतो आणि शेवटच्या ओळीवर मात होईल या भीतीने काळ्याला तो खाता येत नाही, तो डाव खरा खेळला गेला की घरी बसून रचला यावर बुद्धिबळवाले अजून भांडतात. सरांनी ते सांगितलंच नाही. मी हळूच म्हटलं तर म्हणाले, 'साहेब, पोरांना झोप येईल.' असेलही.

तरी एक सोनं निघालंच त्या दिवशीही. रेटी विरुद्ध टार्टाकोव्हर, व्हिएन्ना, १९१०, अकरा खेळ्यांत खलास. नवव्या खेळीला पांढरा वजीर डी८ वर उडी मारतो, राजाने खाल्ला, आणि मग उंट जी५ ला जातो तेव्हा शह दोघांकडून एकदम, उंटाचाही आणि मागून डी१ वरच्या हत्तीचाही. दुहेरी शहाला मध्ये काही घालता येत नाही, मारून सुटता येत नाही, राजाला पळायलाच लागतं. ई८ ला गेला तर हत्ती डी८ ला मात, सी७ ला गेला तर उंट डी८ ला मात. भाची घरी येताना रिक्षात हाच डाव बोटांवर खेळत होती, सी७, उंट, ई८, हत्ती, सी७, उंट, ई८, हत्ती, पाढ्यासारखं.

झेरॉक्सबद्दल पण सांगायलाच हवं. घरी सोडवायला जे कागद देतात ते झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स आहेत. उंट आणि प्यादं ओळखू येत नाही, काळी घरं इतकी काळी की काळा घोडा त्यात पोहतोय. अकरा नंबरच्या कोड्यावर मी आणि भाची दोन संध्याकाळी घालवल्या, मात होतच नव्हती, राजा दरवेळी एच३ वरून सटकत होता. शेवटी तिने सेट मांडून सगळं लावलं आणि म्हणाली, 'मामा, इथे जी२ वर आपलं एक प्यादं असणार, ते छापलंच नाहीये.' पुढच्या रविवारी सरांना दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून कागद खिडकीशी धरला, खरंच तिथे एक पुसट ठिपका होता. कागद मात्र अजून तेच वाटतात म्हणे. सर, पन्नास रुपये जास्त घ्या पण नवीन प्रिंट काढा.

चौथा रविवार आणि ती परीक्षा

सुरुवातीला तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनची ती खेळी, ३० नोव्हेंबर २०१६, न्यूयॉर्क, जगज्जेतेपदाच्या टायब्रेकचा शेवटचा रॅपिड डाव, कार्याकिन समोर, आणि त्याच दिवशी कार्लसनचा सव्विसावा वाढदिवस. वजीर एच६ ला, शह. राजाने खाल्ला तर सी८ चा हत्ती एच८ ला जाऊन मात, प्याद्याने खाल्ला तर एफ५ चा हत्ती एफ७ खाऊन मात. कार्याकिनने हात पुढे केला. सरांनी इथे परत घरं मोजायला लावली, म्हणजे गाडी रुळावर आली.

मग त्यांनी एक फरक समजावला जो मला कोणीच कधी नीट सांगितला नव्हता. आत्तापर्यंत बघितले ते जवळजवळ सगळे उसने दिलेले वजीर, दोन-चार खेळ्यांत व्याजासकट परत येणार हे दिसतंय. खरा बळी वेगळा. उदाहरण नेझमेद्दिनोव्हचं, चेर्निकोव्हविरुद्ध, रोस्तोव्ह, १९६२. बाराव्या खेळीला वजीर देऊन टाकला, बदल्यात एक उंट आणि एक घोडा, आणि मात कुठेच नाही! नुसती काळ्या राजाभोवतीची कमकुवत घरं आणि ही घरं मला पुढे उपयोगी पडतील असा भरवसा. जिंकला. सर म्हणाले हे आपल्यासाठी नाही, हे फक्त बघायचं आणि नमस्कार करायचा, आपण उसनेच देऊ. तिथेच तेरा वर्षांच्या बॉबी फिशरचा (पुढे जगज्जेता झाला तो) न्यूयॉर्कचा १९५६ चा डावही निघाला, डोनाल्ड बर्नविरुद्ध, सतराव्या खेळीला वजीर तसाच सोडून उंट ई६ ला. हा कुठल्या खात्यात टाकायचा यावर एक बारा वर्षांचा मुलगा सरांशी बराच वेळ भांडला. भाची मला कानात म्हणाली, तेरा? म्हणजे माझ्याकडे अजून दोन वर्षं आहेत. भिंतीवर दिव्या देशमुखचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलाय, नागपूरची पोर, २०२५ मध्ये बातुमीला महिला वर्ल्ड कप जिंकली तेव्हाचा, त्याच्याकडे बघत बोलली हे.

आता परीक्षा. ही या वर्गाची खरी किंमत आहे. चोवीस चित्रं, दीड तास, पटाला हात लावायचा नाही, उत्तर पूर्ण लिहायचं, नुसती पहिली खेळी चालत नाही, समोरच्याची प्रत्येक पळवाट लिहायची. आणि सरांनी आधी सांगितलंच नव्हतं की चोवीसपैकी सात चित्रांमध्ये वजीर द्यायचाच नाहीये! दिसतं सगळं तसंच, कोपऱ्यातला राजा, तिरप्या ओळीतला उंट, हात शिवशिवणार अशी मांडणी, पण एक घोडा लांबून बचाव करतोय, किंवा राजाला एक खिडकी आहे, आणि वजीर दिलात की मेलात. तिथे 'देऊ नये' एवढं लिहून कारण लिहायचं. मी त्या सातांतले चार वजीर उदारपणे देऊन टाकले. एकूण तेरा बरोबर. भाचीचे सतरा, आणि सापळ्यातला फक्त एक चुकला. ज्या पोरीला वजीर द्यायला भीती वाटत होती तिलाच सगळ्यात जास्त कळलं की कुठे द्यायचा नाही, यावर सर खूप वेळ हसत होते.

आता येतो तो प्रश्न जो माझ्या बायकोनेच पहिल्या दिवशी विचारला, मोबाईलवर फुकट असताना १,६०० कशाला? प्रश्न बरोबर आहे. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर कोडी फुकट आहेत, जाहिरात नाही, लोकांच्या वर्गणीवर चालतं, लोकांनी खेळलेल्या खऱ्या डावांतून काढलेली कोडी आहेत आणि प्रकारानुसार निवडता येतात, कोंडून मात, शेवटच्या ओळीची मात, दोन उंटांची मात, जे हवं ते. मी रोज करतो आणि करत राहणार. पण माझ्यासारखा माणूस तिथे काय करतो ते मला माहितीये, कोडं आलं म्हणजे काहीतरी आहेच हे माहीत असतं, मग सगळ्यात वेडी दिसणारी खेळी टाकायची, हिरवं आलं तर आपण मॉर्फी, लाल आलं तर पुढचं. मोजणं होतच नाही. खऱ्या डावात कोणी येऊन सांगत नाही की काका, आता इथे मात आहे. सरांच्या सात सापळ्यांनी हेच पकडलं माझं. बाकी कोणाला ॲपवरच शिस्तीत वहीत लिहून सोडवायची सवय असेल तर त्याने सोळाशे रुपये वाचवावेत, खरंच.

कोणासाठी नाही तेही सांगतो. ज्या मुलांना अजून घोड्याची चाल अडखळते त्यांना पाठवू नका, बॅचमध्ये एक सात वर्षांचा होता, तो बिचारा दुसऱ्या रविवारपासून मोहऱ्यांचा किल्ला बांधत बसला. मोठ्यांनी जायला हरकत नाही, आम्ही तिघं होतो पालकांपैकी, पण खुर्च्या शाळकरी मापाच्या आहेत, गुडघे हनुवटीला लागतात आणि पाठ धरते. पंखा एकच. एप्रिल-मेची बॅच घेऊ नका. सर शिकवताना अधूनमधून फोन घेतात, ते एक. पावती मागितली तर वहीच्या पानावर लिहून देतात, ते दुसरं.

पाचपैकी चार. तिसरा रविवार सुधारला आणि झेरॉक्स बदलली तर साडेचार, अर्धा खुर्च्यांसाठी राखून ठेवतो.

वर्गानंतर भाचीची एक स्पर्धा झाली, पाच फेऱ्यांची. तिसऱ्या फेरीत तिने वजीर दिला. मी लांबून बघत होतो, दिला म्हणजे नीट दोन मिनिटं थांबून, ओठ हलवत, घरं मोजून दिला. सात घरं मोजली, आठवं राहिलं. राजा त्या आठव्यातून निघून गेला आणि ही पुढे अठरा खेळ्यांनी हरली. बाहेर आली, मला वाटलं आता रडणार, तर म्हणते, 'मामा, जी६ राहिलं रे', आणि वडापाव मागितला.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं कळलंय, पाण्याची बाटली आणि पाठीला उशी घेऊन जा. आणि घरी सेट असेल तर एक जास्तीचा वजीर आणून ठेवा. आमची आता घरीही बळी दिला की तो फ्रॉकच्या खिशात घालते, परवा ताईचा फोन आला, वॉशिंग मशीनमधून खडखड आवाज येतोय म्हणून.